बेकरी रोज उघडी ठेवा, पण आमची सुट्टी आम्हाला द्या : कोल्हापुरातील बेकरी मालकांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर आणि परिसरातील सर्व बेकरी मालक

मालक, नमस्कार.

दिवाळीनंतर आमच्या बेकरीच्या दारावरची 'सोमवारी बंद' ही पाटी उतरली आणि तिथं 'रोज उघडी' असा नवा बोर्ड लागला. आसपासच्या आणखी काही बेकऱ्यांनीही तेच केलं. आम्हा कामगारांना कुणी काही विचारलं नाही. "सरकारनंच परवानगी दिलीय," एवढं एक वाक्य कानावर आलं आणि पुढच्या सोमवारी आम्ही नेहमीसारखे कामावर हजर झालो. त्यानंतर आमच्यातल्या बहुतेकांना आठवड्याची सुट्टी मिळालेली नाही. मागितली तर खाडा लागतो आणि त्या दिवसाचा पगार कापला जातो.

सरकारनं परवानगी दिली, हे खरं आहे. दुकानं आणि आस्थापना चोवीस तास उघडी ठेवता येतील असा शासन निर्णय १ ऑक्टोबर २०२५ रोजी निघाला. पण त्याच निर्णयात, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही, असं लिहिलं आहे की प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी मिळालीच पाहिजे. दुकान रोज उघडं ठेवायचं असेल तर माणसांना आळीपाळीनं सुट्टी द्यायची, इतकं ते सरळ आहे. आमच्यापर्यंत या कायद्याचा पहिला अर्धा भाग पोचला, दुसरा पोचला नाही. हे पत्र त्या दुसऱ्या भागासाठी आहे.

मी भट्टीवरचा कारागीर आहे. मिसरूड फुटायच्या आधी ट्रे पुसायला म्हणून आलो, आणि आता नव्या पोरांना पाव वळायला शिकवतो. नाव घालत नाही, कारण ते घातलं की हे पत्र एका बेकरीचं आणि एका मालकाचं भांडण होऊन बसेल. हे भांडण तसं नाही.

आधी एक गोष्ट सांगतो, म्हणजे गैरसमज नको. मला हे काम आवडतं. जुलैमध्ये कोल्हापूरचा पाऊस लागला की गोणीतला मैदासुद्धा ओल धरतो. तेव्हा पाणी हात राखून घालावं लागतं, नाहीतर कणीक सैल पडते आणि पाव बसतो. एप्रिलमध्ये उलटं. कणीक डोळ्यांदेखत फुगून वर येते, म्हणून बर्फाचं पाणी घ्यायचं. थंडीत यीस्ट आळसावतं, त्याला कोमट पाणी लागतं. हे कुठल्या तक्त्यावर लिहिलेलं नसतं. बोटानं कणीक दाबायची, खड्डा सावकाश भरून आला की समजायचं, आता भट्टीला जायला हरकत नाही. ब्रेड साच्यातून काढून बुडाला टिचकी मारली की पोकळ आवाज येतो, तो आला की भाजला. सकाळी मिसळीच्या कट्ट्यावर कुणी आपला ब्रेड कटात बुडवताना दिसला की आजही मान ताठ होते. या शहरात मिसळीबरोबर ब्रेड लागतो, आणि तो आम्ही करतो. कामात समाधान आहे का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर आहे की हो, कामात आहे. पण त्या कामाभोवती जे जगणं उभं राहिलं आहे, त्यात नाही.

रात्रीचं काम का लागतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. पण गिऱ्हाइकांनाही कळावं म्हणून लिहितो. सकाळी सातला मिसळ सुरू होते, म्हणजे साडेपाचला टेम्पो भरलेला पाहिजे. त्याआधी ब्रेड कापून पॅक व्हायला हवा. गरम ब्रेड कापता येत नाही, पातं चिकटतं आणि स्लाईस दबते. दोन तास तरी तो थंड व्हावा लागतो. त्याच्या मागं भाजणी, त्याच्या मागं कणीक फुगायचा वेळ, त्याच्या मागं मळणी. असं उलटं मोजत गेलं की रात्री आठ-नऊला मिक्सर सुरू झालाच पाहिजे. म्हणून पाव-ब्रेडची रात्र आम्ही मान्य केलेली आहे.

पण खारी रात्री का? टोस्ट, बटर, नानकटाई रात्री का? हा माल बरेच दिवस टिकतो. तो पहाटे तीनला भाजला काय आणि दुपारी तीनला भाजला काय, खाणाऱ्याला फरक पडत नाही. लाकडाची भट्टी होती तेव्हा कारण होतं. एकदा भट्टी तापली की तिची धग वाया जाऊ द्यायची नाही, पाव निघाला की उतरत्या धगीवर टोस्ट वाळवायचा. आज आपल्यातल्या बऱ्याच जणांकडं डिझेलचे, विजेचे रोटरी ओव्हन आहेत. बटण दाबलं की तापतात, बंद केलं की बंद. कारण गेलं, पण रात्र तशीच राहिली. हा सगळा टिकाऊ माल दिवसाच्या पाळीत नेला तर रात्री निम्मी माणसं पुरतील. स्लाईस ब्रेडची रात्र आम्ही मान्य केलीय, पण खरं तर तोही थोडा आधी नेता येईल; संध्याकाळी भाजून रात्री पॅक केलेला ब्रेड सकाळी उत्तम लागतो. सकाळी ताजाच पाहिजे तो लादी पाव. हे मी अंदाजानं म्हणत नाही, रोज हातानं करतो म्हणून म्हणतो. कधीतरी भट्टीवरच्या माणसाला बसवून वेळापत्रक आखून बघा.

आता घर. आम्ही पहाटे सुटतो म्हणतात, प्रत्यक्षात साफसफाई आणि दुसऱ्या दिवशीची तयारी करून घरी पोचायला आठ-नऊ वाजतात. तेव्हा पोरं शाळेला निघालेली असतात. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात दुपारी झोप लागत नाही. अंगाखालची चादर भिजते, बाहेर भाजीवाला ओरडत असतो. बायको पोरांना दिवसभर एकच सांगत असते, "हळू बोला, बाबा झोपलेत." माझी पोरं कुजबुजत वाढली. थोरला तालमीच्या संघातून फुटबॉल खेळतो. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर आपल्या पोराची मॅच बघायला बाप जात नाही, असं ऐकलंय का कुणी? मी गेलेलो नाही. मॅच दुपारची असते, आणि त्या दुपारी झोपलो नाही तर रात्री भट्टीसमोर उभं राहता येत नाही. सोमवार होता तेव्हा निदान सोमवार होता. रात्रीचं काम आटोपून रविवारी सकाळी आलो की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माणूस माणसात असायचा. आजारी सासऱ्यांना भेटून यायचं, पोराचे बूट आणायचे, रंकाळ्यावर बायकोबरोबर अर्धा तास बसायचं. एवढंच असायचं ते. तेच काढून घेतलंत.

शाहू महाराजांनी १९०६ साली उभी केलेली मिल आता बंद आहे, पण तिचा भोंगा आमच्या आधीच्या पिढीला अजून आठवतो. भोंगा झाला की पाळी सुटली, हे अख्ख्या गावाला कळायचं. आमची पाळी कधी सुटते, ते आम्हाला स्वतःलाही सांगता येत नाही.

छातीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण यावर कुणी बोलत नाही. मैद्याची गोणी मिक्सरमध्ये उपडी केली की पांढरा ढग उठतो. तो श्वासातून आत जातो, रोज, वर्षानुवर्षं. सुरुवातीला नाक गळतं, शिंका येतात, डोळे चुरचुरतात. मग रात्री खोकला, मग दम. डॉक्टर याला बेकरीवाल्यांचा दमा म्हणतात. पिठाच्या धुळीची आणि ब्रेड मऊ राहावा म्हणून घालतात त्या इम्प्रूव्हरमधल्या काही घटकांची ॲलर्जी होते, त्यातून तो येतो. माझा एक जोडीदार दम लागतो म्हणून सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, गेला. तिथल्या डॉक्टरनं त्याला नेमका प्रश्न विचारला, "सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का?" कामावर त्रास आणि सुट्टीत आराम, ही या दम्याची खूण असते. त्याला उत्तर देता आलं नाही. सुट्टीचा दिवसच नव्हता. आठवड्याची सुट्टी गेली की आराम जातो, तसा आजार वेळेत ओळखायचा रस्ताही जातो, हे मला त्या दिवशी कळलं.

अन्नसुरक्षेच्या नियमाप्रमाणे वर्षातून एकदा आमची वैद्यकीय तपासणी होते, किंवा निदान तसा दाखला फाईलला लागतो. त्यात डोळे बघतात, कातडी बघतात, संसर्गाचा आजार नाही ना ते बघतात, टायफॉईडची लस विचारतात. गिऱ्हाइकाला आमच्यापासून काही होऊ नये म्हणून ही तपासणी आहे आणि ती झालीच पाहिजे. पण आम्हाला मैद्यापासून काय झालं, ते बघणारा रकाना त्या कागदावर नाही. मुंबईत लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांच्या धुरावर जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टानं कडक भूमिका घेतली, सहा महिन्यांत इंधन बदलायला सांगितलं. चांगलं झालं. तो धूर शहरात जायच्या आधी भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या छातीतून जातो, एवढंच मला त्यात जोडायचं आहे.

धूळ कमी करायला फार खर्च लागत नाही. गोणी उंचावरून ओतायची नाही, तोंड खाली टेकवून सावकाश सोडायची. पीठ भिजेपर्यंत मिक्सर हळू फिरवायचा आणि वर झाकण ठेवायचं. ओट्यावर पिठी भुरभुरण्यापेक्षा जमेल तिथं तेलाचा हात लावायचा. कोरडा झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. आणि एक चांगला एक्झॉस्ट फॅन. आम्ही यातलं जमेल तेवढं स्वतः करतो, पण घाई लागली की पहिल्यांदा यालाच काट बसते, आणि माणसं कमी असली की घाई रोजच असते.

पॅकिंगच्या बायकांविषयी. त्या पहाटे पाचला येतात, काही तर त्याही आधी, अंधारात, एकट्या चालत. नियम असा आहे की रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही, आणि लावलं तर तिची सुरक्षितता आणि ने-आण ही मालकाची जबाबदारी. संमती कुणी विचारली? पोटाला लागतंय म्हणून ती आली, याला संमती म्हणायची नाही. काही बेकऱ्यांत बायकांना स्वच्छतागृह नाही. त्या पाणी पीत नाहीत, आणि भट्टीच्या उकाड्यात पाणी न पिता सहा-सात तास उभ्या राहतात. हे मला डोळ्यांनी दिसतं आणि रोज लाज वाटते.

उत्तर प्रदेशातून आलेली पोरं आमच्याबरोबर काम करतात. ती भट्टीच्या माळ्यावर, मैद्याच्या गोण्यांवर झोपतात. त्यांना कामाची वेळ आणि झोपेची वेळ अशी वेगळी नसतेच. कुणी हाक मारली की उठायचं. आणि काही ठिकाणी रात्री शटरला बाहेरून कुलूप लागतं. ३० डिसेंबर २०१६ ची पहाट आठवा. पुण्यात कोंढव्यातल्या एका बेकरीला आग लागली. आत झोपलेले सहा कामगार गेले. दाराला बाहेरून कुलूप होतं. त्यानंतर इतकी वर्षं गेली, आणि मला आजही कोल्हापुरात हे लिहावं लागतं.

पगाराचं थोडक्यात. बेकरी कामगारांना किमान वेतन लागू आहे, आणि महागाईपोटीचा विशेष भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, बदलतो. जादा कामाला दुप्पट दर आहे. आमच्याकडं जादा काम हा शब्दच नाही, कारण काम कुठं संपतं ते ठरलेलं नाही. लग्नाला, दवाखान्याला उचल दिली जाते, त्याबद्दल मनापासून आभार. मीही घेतलेली आहे. पण उचल फिटेपर्यंत सुट्टीचं तोंडसुद्धा काढायचं नाही, ही जी रीत पडली आहे, ती मोडायला हवी.

तुमची बाजू मला माहीत आहे. मैदा आणि डालडा महाग झाला, मोबाईलवरून मोठ्या कंपन्यांचा ब्रेड दहा मिनिटांत घरपोच होतो, सोमवारी बंद ठेवलं की गिऱ्हाईक दुसरीकडं वळतं. हे खरं आहे. तुमच्यातले कित्येक जण आमच्याइतकेच जागतात, आणि काहींच्या वडिलांनी स्वतः भट्टीत हात भाजून घेतलेले मी पाहिलेत. म्हणून 'सोमवारी बंद' पाटी परत लावा, असं मी म्हणत नाही. बेकरी रोज उघडी ठेवा. आमची माणसं आळीपाळीनं सोडा. त्यासाठी एक-दोन हात जास्त लागतील, हा खर्च आहे आणि तो मी नाकारत नाही. पण "पोरं टिकत नाहीत" ही तुमची रोजची तक्रार आहे ना? शिकवून तयार केलेला पोरगा गोकुळ शिरगावला नाहीतर कागलच्या एमआयडीसीत हेल्पर म्हणून जातो. तिथं पगार फार जास्त असतो असं नाही. तिथं आठवड्याची सुट्टी असते आणि पाळी वेळेवर सुटते. लग्नाला मुलगी बघायला गेलं की बेकरीत रात्रपाळी म्हटल्यावर बोलणी तिथंच थांबतात. माझ्यानंतर या कणकेला हात लावणारा माणूस मला दिसत नाही, आणि मालक, तो तुम्हालाही दिसत नसणार.

ही मागणी काही नवी नाही. सत्यशोधक चळवळीतल्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी झगडून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, ती १० जून १८९० पासून. ज्या गावात सत्यशोधकांचा विचार राजवाड्यापर्यंत पोचला, त्या गावात आज आम्ही तेच मागतोय. रात्रीच्या बेकरीकामाचा प्रश्नही जुनाच. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९२५ साली त्यावर वेगळा करार केला होता आणि बेकरीतलं रात्रीचं काम थांबवायचं ठरवलं होतं. आपल्याकडं तो लागू नाही. पण त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. ती बंदी कामगाराबरोबर मालकालाही होती. एकानं भट्टी पेटवली की दुसऱ्याला पेटवावीच लागते, म्हणून सगळ्यांनी मिळून झोपायचं, असा विचार त्यामागं होता. तुम्ही सगळ्यांनी एकत्र बसून ठरवलंत तर कुणा एकाचं गिऱ्हाईक तुटायचा प्रश्नच येत नाही.

आमच्या मागण्या अशा :

१. प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची भरपगारी सुट्टी. कुणाची कधी, याचा तक्ता महिन्याच्या एक तारखेला भिंतीवर लागावा. सणाच्या गर्दीत, नाताळच्या केकच्या आठवड्यात सुट्टी देता आली नाही तर ती नंतर बदली म्हणून द्यावी, बुडवू नये. आमच्याकडं माणसंच कमी, आम्हाला कायदा लागू नाही, असं छोट्या बेकरीवाल्यांनी म्हणू नये. दोन माणसं असली तरी दोघांनाही घर आहे.

२. खारी, टोस्ट, बटर, नानकटाई, बिस्किटं दिवसाच्या पाळीत. एकाच माणसाला कायमची रात्रपाळी नको, ती महिन्यानं बदलावी.

३. हजेरीकार्डावर येण्याची आणि जाण्याची वेळ, किमान वेतन बँकेत, जादा तासांना दुप्पट दर.

४. वर्षाच्या तपासणीत फुप्फुसाची, फुंकर मारून करतात ती चाचणी. एक्झॉस्ट फॅन आणि मास्क.

५. आत माणूस झोपला असताना शटरला बाहेरून कुलूप नाही. ही मागणी आजपासून, याला पुढची तारीख नको.

६. पॅकिंगच्या बायकांना सातनंतरची वेळ, किंवा त्या स्वतः लवकर यायला तयार असतील तर ने-आणीची सोय. आणि स्वच्छतागृह.

या पत्राची एक प्रत आम्ही कामगार खात्यालाही देत आहोत. कुणावर कारवाई व्हावी म्हणून नाही. तुमची-आमची बैठक लागली तर त्यांच्यातलं कुणी मध्ये बसावं आणि जे ठरेल ते कागदावर यावं, एवढ्यासाठी. जे मालक आजही आळीपाळीनं सुट्टी देतात, त्यांनी या बैठकीला आवर्जून यावं आणि ते कसं जमवतात ते बाकीच्यांना सांगावं.

आमच्यातले पाच-सहा जण, त्यात पॅकिंगच्या दोन बायका, बोलायला तयार आहेत. दुपारी चारनंतर कधीही बोलवा, त्याआधी आम्ही झोपलेले असतो. जागा तुम्ही ठरवा.

आपला,
भट्टीवरचा एक कारागीर
कोल्हापूर